डाव्या गालावरचा उजेड

आईला जाऊन महिनाही झाला नव्हता, तोच अनिरुद्धने हॉलमध्ये तिचा फोटो लावला. दीप्ती मुलुंडहून कांजूरमार्गला भावाकडे आली ती चपला काढून थेट त्या फोटोसमोर उभी राहिली. स्टुडिओवाल्याने कुठल्याशा लग्नाच्या ग्रुप फोटोतून आईचा चेहरा कापला होता आणि पांढरी रेशमी साडी नेसलेल्या भलत्याच बाईच्या धडावर बसवला होता. वर रंगही चांगला उजळवून दिला होता.

"हे हात कुणाचे रे?"

"ताई, आल्या आल्या सुरू नको करू ना."

"आणि आई इतकी गोरी कधी झाली?"

"मग काय काळीकुट्ट लावायची भिंतीवर? लोक येतात घरात."

"काळी होतीच ती."

"एवढं कळतं तर तू काढ," अनिरुद्ध चिडून म्हणाला. "स्मृतिदिनापर्यंत आण. हा उतरवतो, तुझं लावतो. बस?"

तिने तो शब्द धरून ठेवला. आणि त्या घराची पायरी चढणं सोडलं.

चित्रकलेशी दीप्तीचा संबंध शाळेतल्या एलिमेंटरीच्या परीक्षेपुरता. चाळिशी उलटल्यावर तिने टॅबलेट घेतला आणि घाटकोपरला मनालीच्या रविवारच्या क्लासला नाव घातलं. मनाली तिच्याहून बरीच लहान, बोलायला फटकळ. तिने टेबलावर एक अंडं ठेवलं, बाजूला दिवा लावला आणि कितीतरी रविवार दीप्तीला तेवढंच काढायला लावलं.

"सावली काळी नसते हो ताई. काळ्या रंगाला हात लावायचा नाही. आणि उजेड कुठून येतो ते आधी ठरवा. ते चुकलं ना, की पुढचं सगळं खोटं."

पुढचं सगळं खोटं. हे दीप्तीला फार पटलं. भिंतीवरच्या फोटोत चेहऱ्यावर एका बाजूने उजेड होता आणि साडीच्या चुण्यांवर दुसऱ्या. एका बाईला दोन सूर्य, आणि घरात कुणाला पत्ता नाही.

तिच्याजवळ आईचा एकच धड फोटो होता. अनिरुद्धकडच्या स्वयंपाकघरात खाली बसून कणीक मळताना आईने मध्येच हात पुसून स्वतःच काढलेला. "दिसतंय का गं?" असं विचारत पाठवलेला. डाव्या गालावर खिडकीचा उजेड होता, त्याच गालावर तीळ. दीप्ती रोज ऑफिसातून आली की तो चेहरा उघडून बसायची. तिला कळत गेलं, की सावळी कातडी उजेड पसरू देत नाही. गालफडाच्या उंचवट्यावर, नाकाच्या शेंड्यावर तो गोळा करून ठेवते. सावलीतला गाल जांभळट तपकिरी होता. हनुवटीखाली मात्र स्टीलच्या परातीवरून परतलेला उजेड होता, अगदी पुसट. तो जमला त्या दिवशी मनाली नुसती बघत राहिली. दीप्तीला वाटलं, आईला असं आपण जिवंतपणी एकदाही पाहिलं नाही. आता पाहिलं.

पहिल्या स्मृतिदिनाला ती चित्र छापून केलेली फ्रेम कागदात गुंडाळून सकाळीच पोचली. अनिरुद्ध शब्दाला जागला. स्टुलावर चढून त्याने फोटोला हात घातला, तेवढ्यात दीप्तीने फ्रेमवरचा कागद सोडला. तो तसाच थांबला.

"आईच आहे ही," तो हळूच म्हणाला. "परात काढली नाहीस, तरी खाली आहे असं वाटतं गं."

जालन्याहून आलेली सोनूबाई मावशी पुढे झाली. आईची धाकटी बहीण. तिने चष्मा पुसला, चित्र पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"उलटी कशी गं काढली? तीळ ह्या गालाला होता की." तिने स्वतःच्या उजव्या गालावर बोट ठेवलं. "ह्याच गालाचा मुका घ्यायची मी लहानपणी."

"फोटोत डावीकडे आहे, मावशी."

"फोटोला काय कळतं, माय?"

दीप्ती स्वयंपाकघरात गेली. आई बसायची तिथेच, तिच्यासारखीच मांडी घालून बसली. खिडकी उजव्या हाताला होती. उजेड उजव्या गालावर येत होता.

फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखं दाखवतो. आईच्या फोनने तसंच जपून ठेवलं होतं. उजेड कुठून येतो, तेवढंच ठरवायचं होतं.

तिने पिशवीतून टॅबलेट काढला आणि एका बोटाने चित्र डावं-उजवं उलटवलं. मावशी खांद्यावरून वाकली.

"हां! ही आली माझी द्रौपदी," मावशी आईचं नाव घेत म्हणाली आणि तिथेच पदर तोंडाला लावून रडू लागली.

दीप्तीने नीट पाहिलं. छटा त्याच, सावली तीच. पण किंचित बारीक डोळा दुसरीकडे गेला होता, ओठांचा कल बदलला होता. ही कोण बाई, तिला कळेना. वर्षभर जिच्यासमोर ती रोज बसली, ती आईला आरशात दिसणारी आई होती. आणि ही, जी मावशीने ओळखली, जन्मभर लेकीच्या समोर होती.

"ताई, भंतेजी खाली आलेत," अनिरुद्धने हॉलमधून हाक मारली. "लवकर सांग, कोणता ठेवू?"

"आहे तोच राहू दे."

"अगं, पण तीळ एवढासा आहे. कोण बघतंय?"

तिने फ्रेमवर पुन्हा कागद गुंडाळला.

वंदना झाली. लोक एकेक करून फोटोसमोर पांढरी फुलं ठेवत होते. दीप्तीची पाळी आली, तेव्हा तिने मान खाली घातली आणि त्या परक्या गोऱ्या हातांखाली फुलं वाहिली.