हृदयासकट विमा

घरातला फोन वाजला की तो काकूंनीच घ्यायचा, हे लग्नापासून ठरलेलं होतं. काकू मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होत्या. कोणाचा बाप अतिदक्षता विभागात, कोणाची बहीण प्रसूतीला, आणि सगळ्यांना आत्ताच्या आत्ता लाइन हवी. निवृत्त होऊनही काकूंचा आवाज तसाच राहिला होता, समोरचा कितीही पेटलेला असला तरी न तापणारा. घड्याळकाकांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, मात्र वाटायचं, बाई फार बोलते. त्यांचं स्वतःचं आयुष्य घड्याळदुरुस्तीच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने चाकं उचलण्यात गेलं होतं. तिथे बोलायची गरज नव्हती. श्वाससुद्धा जपून घ्यावा लागे.

त्या रविवारी परदेशातून काकूंच्या धाकट्या भावाचा फोन आला. आई लवकर गेली, तेव्हा हा भाऊ नुकता चालायला लागलेला. काकूंनीच त्याला कडेवर वागवून मोठा केला. पुढे तो बोटीवर स्वयंपाकी म्हणून गेला आणि तिकडेच एका बंदरात बेकरी काढून राहिला. दर तीन-चार वर्षांनी यायचा, पावाच्या गोष्टी सांगून घर हसवायचा.

"ताई, आता माझं येणं विसर," तो म्हणाला. "आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मशीन सोडून कुठे जाणार?"

"मग मी येते," काकू म्हणाल्या.

काकांच्या हातातला पेपर खाली आला. "अगं, काय बोलतेस? तुला झेपणार आहे का?"

"मी कुठे चालत जातेय? विमान जाईल, मी नुसती बसणार."

काकूंनी सत्तरी कधीच ओलांडली होती. हृदयात दोन स्टेंट, जोडीला मधुमेह आणि रक्तदाब. नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "प्रवासाला माझी हरकत नाही. पण विमा काढल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नका. तिकडे चार दिवस इस्पितळात काढावे लागले तर राहतं घर विकायची पाळी येईल."

काकांनी दुकानाचा विमा उतरवणाऱ्या एजंटला बोलावलं. तो आला, चहा घेतला, बॅगेतून कागद काढले आणि भराभर लिहायला लागला. 'स्टेंट' ऐकल्यावर त्याचं पेन थबकलं.

"काकू, एवढं सगळं कशाला सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

काकांना हायसं वाटलं. "तेच म्हणतो मी. विचारलं तर बघू."

"अहो, इथे विचारलंयच की!" काकूंनी कागदावर बोट ठेवलं. "आणि ही मूठ उघडणार कुठे? तिकडच्या इस्पितळात. छातीला वायरी लावल्या की ईसीजीच सगळं बोलून मोकळा होईल. मग मी गप्प बसले होते त्याचा काय उपयोग?"

"मी आपलं घरचे समजून सांगितलं," एजंट ओशाळून म्हणाला.

"घरचे आहात म्हणूनच चहा दिला. कागद मात्र घेऊन जा."

तो गेल्यावर काका चिडले. सगळे असंच करतात, तुझाच एकटीचा ताठा, असं बरंच काही बोलले. काकूंनी बोलू दिलं. मग विचारलं, "पाण्यात पडलेलं घड्याळ कोणी नुसतं 'मागे पडतंय' म्हणून आणून द्यायचं, तेव्हा तुम्ही काय म्हणायचात?"

काका काय म्हणायचे ते अख्ख्या गल्लीला पाठ होतं. आधीच खरं सांगितलं असतंत तर वाचलं असतं! ते मुकाट्याने उठले आणि कपबशा विसळायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. चष्मा, पाण्याची बाटली, गोळ्यांची पाकिटं आणि फोन. काका समोर खुर्ची टाकून बसले. बायकोला काम करताना ते पहिल्यांदाच बघत होते. इस्पितळाच्या एक्स्चेंजमध्ये बाहेरच्यांना प्रवेश नसायचा.

पहिल्या कंपनीने वय ऐकूनच हात वर केले. दुसरी सगळं द्यायला तयार होती, फक्त हृदय आणि हृदयामुळे जे जे होईल ते सोडून.

"म्हणजे दाढ दुखली तर तुमची आणि जीव गेला तर माझा?" काकूंनी विचारलं. पलीकडचा मुलगा हसला तशा त्याही हसल्या.

तिसऱ्या कंपनीने हप्त्याचा आकडा सांगितला तेव्हा काकांच्या तोंडचं पाणी पळालं. काकू म्हणाल्या, "बरं. विचार करते हं."

फोन ताटकळत ठेवला की त्यातलं कंटाळवाणं संगीत ऐकत त्या शांत बसत. कोणी वसकन ओरडलं तरी यांचा आवाज चढत नसे. नकार देणाऱ्या प्रत्येकाला त्या शेवटी एकच विचारत, "तुम्हाला जमत नाही ते कळलं. पण माझ्यासारखी म्हातारी तुमच्या घरात असती, तर तुम्ही कोणाला फोन केला असता?" बरेचजण 'सांगता येत नाही' म्हणून सुटायचे. पण एका मुलीने आवाज खाली आणून एक नंबर दिला. वयस्कर आणि आजारी माणसांचेच विमे जमवून देणारी एक मध्यस्थ बाई होती. "आमच्याकडून कळलं म्हणून सांगू नका," मुलगी म्हणाली.

"कोण तुम्ही? मी तर ओळखतही नाही," काकू म्हणाल्या.

काका बघत राहिले. आयुष्यभर ज्याला ते बडबड म्हणत आले, ती अशी नेमकी जागा शोधत जाते हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. चिमटा कुठे लावायचा आणि किती दाबायचा, हे या बाईला कानाने कळत होतं.

मध्यस्थ बाईचा आवाज घोगरा आणि बोलणं रोखठोक होतं. "आजार आहे की नाही यापेक्षा तो किती काबूत आहे ते कंपन्या बघतात. एवढ्यात एखादी गोळी बदलली का?"

"रक्तदाबाची वाढवलीय. गेल्याच महिन्यात."

"मग तिथेच माशी शिंकतेय. तीन महिने औषधात काहीही बदल नको. मग डॉक्टरांचं पत्र आणि ताजे रिपोर्ट घेऊन या. मुक्काम थोडक्यात ठेवा. वाटेत जिथली इस्पितळं सगळ्यात महाग, तिथे विमान बदलू नका. आणि बिलाचा पहिला थोडा भाग आम्ही सोसू असं कबूल करा. हप्ता बराच खाली येईल."

तीन महिने! काकांना वाटलं, आता ही खचणार. भावाचा आवाज दर रविवारी बारीक होत चालला होता. पण काकूंनी डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घातल्या. रोज बागेला फेऱ्या. गोळ्या वेळच्या वेळी. पुठ्ठ्यासारखा बेचव नाश्ता, तोही तक्रार न करता. भावाला फोनवर म्हणायच्या, "धाकट्या, मी परीक्षेचा अभ्यास करतेय. तूही तुझा कर. नापास होऊ नकोस."

तीन महिने सरल्यावर डॉक्टरांकडे पत्र आणायला दोघं बरोबर गेले. काकाही काकूंबरोबर जाणार होते, पण ते ठणठणीत, त्यांच्या विम्याची कोणाला चिंताच नव्हती. आलोच आहोत तर यांचीही नाडी बघा, असं काकू सहज म्हणाल्या. डॉक्टरांनी मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. मग यंत्र आणलं, कागदाची पट्टी निघाली.

"ठोके अनियमित पडताहेत," डॉक्टर म्हणाले. "वेळेत कळलं ते बरं झालं. रक्त पातळ करायची गोळी आजपासूनच चालू करू या. लांबचा प्रवास सध्या नको."

घड्याळवाल्याच्याच छातीतलं घड्याळ चुकत होतं! नवा आजार, नवी गोळी. कोणतीही कंपनी काही महिने त्यांना दारात उभं करणार नव्हती.

दोघं घरी आले. जिना चढताना काका प्रत्येक पायरीवर आपलं काळीज ऐकत होते. तू पण नको जाऊस, हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. आपण नुसतं एवढं म्हटलं तर ही एक शब्द न बोलता थांबेल, हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचंच त्यांना जास्त भय वाटलं.

"तू जा," ते दार उघडता उघडता म्हणाले.

"आणि तुमचं काय?"

"मला अंडं उकडता येतं."

"महिनाभर अंडंच खाणार?"

"शेजारी आहेत, डॉक्टर आहेत. तो तिकडे एकटा आहे गं. जा तू."

काकू खुर्चीवर बसल्या आणि थोडा वेळ रडल्या. मग त्यांनी फोन ओढला.

कंपनीची तपासणीची मुलाखत फोनवरच झाली. एक तरुण बाई प्रश्न विचारत होती आणि काकू उत्तरं देत होत्या. स्टेंट केव्हा, गोळ्या कोणत्या, साखर किती. प्रश्न संपले तेव्हा काकू म्हणाल्या, "अजून एक लिहा. मागच्या वर्षी जिन्यात चक्कर आली होती. दवाखान्यात नेलं होतं."

समोर काका दोन्ही हात हलवून 'नको नको' करत होते. काकूंनी पाठ फिरवली आणि तारखेसकट सगळं सांगितलं.

चार दिवसांनी होकार आला. हृदयासकट. घराला रंग द्यायचं ठरलं होतं ते पुढे ढकललं की हप्ता बसत होता. काका भिंतींकडे बघून म्हणाले, "या भिंतींना काय झालंय? चांगल्या तर आहेत."

काकू आयुष्यात पहिल्यांदाच एकट्या परगावी निघाल्या, त्या थेट परदेशी. पोहोचल्यावर फोनवर भाऊ-बहीण एकाच वेळी बोलत होते, काकांना एक अक्षर कळलं नाही. पुढचे दिवस बरे गेले. आणि एका सकाळी मेहुण्याचा एकट्याचाच फोन आला.

"भाऊजी, घाबरू नका," तो म्हणाला, आणि काकांची पाचावर धारण बसली.

काकूंना जिन्यावर धाप लागली होती. रुग्णवाहिका बोलवावी लागली. एक जुना स्टेंट अरुंद झाला होता, लगेच नवा घालायला हवा होता. विमा कंपनीने जुनी सगळी कागदपत्रं मागवली होती. दुपारी इकडच्या डॉक्टरांनाही त्यांचा फोन आला. काका त्यांच्या दवाखान्यातच जाऊन बसले होते. काकूंनी कंपनीला दिलेल्या माहितीची प्रत समोर ठेवून डॉक्टर एकेक प्रश्नाला "हो, कळवलं होतं" म्हणत होते. जिन्यातल्या चकरेबद्दलही विचारलं गेलं. "तीही कळवली होती," डॉक्टर म्हणाले. काकांनी मान खाली घातली. त्यांना आपले हलणारे दोन्ही हात आठवले.

संध्याकाळच्या आत कंपनीने तिकडच्या इस्पितळाला खर्चाची हमी दिली. स्टेंट बसला.

दुसऱ्या दिवशी काकूंचा आवाज आला, थकलेला पण ओळखीचा. "अहो, इथला ऑपरेटर फार वेळ लावतो. आमच्या वेळी एवढ्यात मी पाच जणांना जोडून दिलं असतं."

काकांना हसू आणि रडू एकदमच आलं. "कशी आहेस?"

"मजेत. धाकट्याचं डायलिसिस याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. मशीन सुटलं की चाकाच्या खुर्चीत बसून वर येतो. मी त्याला भेटायला आले, आणि भेटायला येतोय तो! काल आईची आठवण काढत बसलो होतो. त्याला तिचा चेहरा आठवत नाही हो. मी त्याला सांगितला. नाक कसं, केस कसे, हाक कशी मारायची. डोळे मिटून ऐकत होता. नर्स येऊन रागावली तेव्हा उठला."

जायचं नाही असं ठरलं असतं तर त्या माणसाला आईचा चेहरा कोणी सांगितला असता, एवढंच काकांच्या मनात येत राहिलं.

परतीचं तिकीट दोन आठवडे पुढे गेलं, तीही व्यवस्था कंपनीने केली. काका विमानतळावर फार लवकर जाऊन उभे राहिले. वाटभर त्यांनी एक वाक्य जुळवलं होतं. 'तुझ्यासारखी बाई मी पाहिली नाही,' असं काहीतरी. दारं उघडली, चाकाच्या खुर्चीत काकू दिसल्या. थोड्या वाळल्या होत्या. खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला त्या मान वळवून काहीतरी विचारत होत्या आणि तो हसून उत्तर देत होता.

"अहो, यांच्या मुलीला इस्पितळात नोकरी लागलीय," काकूंनी आल्या आल्या सांगितलं. "आणि तुम्ही गोळ्या घेतल्या ना? ठोके काय म्हणतात?"

"बरे आहेत," काका म्हणाले. जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं. त्यांनी तिची पिशवी खांद्याला लावली आणि हात धरला.

टॅक्सीत बसल्यापासून काकू बोलायला लागल्या. बंदर, बेकरी, धाकट्याचा हट्टीपणा, तिकडच्या नर्सचा स्वभाव. काकांनी पुढे झुकून टॅक्सीवाल्याला रेडिओ बंद करायला सांगितला.

"का हो?" काकूंनी विचारलं.

"ऐकू येत नाही नीट," काका म्हणाले. "हं, मग ती नर्स काय म्हणाली?"