काचेचं झाकण

झाकणमावशी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण जिथे जिथे तिच्या घरचं जेवण जाई, तिथल्या मागच्या दारांनी तिला तेच नाव लावलं होतं. शेगडीवर असो की टेबलावर, झाकलेलं भांडं दिसलं की ती जायची, झाकण उचलायची आणि तोंड थेट वाफेत घालायची. चष्मा पांढरा झाला की म्हणायची, “आहे गरम.” नाही झाला की म्हणायची, “न्या आत.” मग नाकावरून चष्मा काढायची, रुमालाने पुसायची आणि पुढच्या भांड्याकडे वळायची.

तिची सून या घरात नवी होती तेव्हा तिला वाटलं होतं, सासूबाईंना कमी दिसतं. हळूहळू कळलं की बाईंची नजर चांगली लख्ख आहे. चष्मा आहे तो जेवणाची ऊब जोखायला.

जेवणं करून देण्याचा त्यांचा धंदा, आणि सगळं घर त्या उबेच्या मागे धावणारं. हॉलच्या मागच्या खोलीत शेगड्या पेटत्या ठेवायच्या, टेबलावर थोडंथोडं न्यायचं, ते सरायच्या आत दुसरं हजर करायचं. मुलगा पातेली उचलायचा, सून भरून द्यायची, नणंद शेगडी आणि टेबल यांच्यामध्ये येरझाऱ्या घालायची, आणि सासू एकाच वेळी दोन्हीकडे असायची. शेवटचा पाहुणा हात पुसत निघाला की घर जेवायला बसायचं. तोवर शेगड्या विझलेल्या. गार भात, गार रस्सा. गरम असायच्या त्या फक्त गप्पा.

अशात नणंदेचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, हॉल ठरला, जेवण अर्थातच घरचं.

“माझी एकच अट आहे,” नणंद म्हणाली. ती कांदे चिरत होती, त्यामुळे तिच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. “आई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून जेवणार. माझ्याबरोबर पहिला घास, माझ्याबरोबर शेवटचा.”

“बसेन की,” सासू म्हणाली.

“कुठे? शेगडीसमोर?”

“अगं, मी बसले तर जेवणाकडे कोण बघणार?”

“मग जेवणाचं काम दुसऱ्या कुणाला देऊ या.”

सासूची सुरी थांबली. “माझ्या लेकीच्या लग्नात परक्याच्या हातचं? त्यापेक्षा सगळ्यांना उपाशी पाठवीन.”

“तू पाठवशील. तुझा काय नेम.”

दोघी सुनेकडे बघू लागल्या. या घरात आई आणि लेक अडल्या की निवाडा सुनेकडे यायचा, आणि निवाडा कसाही झाला तरी बोलणी तिलाच बसायची.

दुपारी नणंद तिच्यापाशी येऊन बसली. “वहिनी, शाळेत मला बक्षीस मिळालं ना, त्या दिवशी जेवणही आमचंच होतं. मी स्टेजवर, आई मागच्या खोलीत. टाळ्या तिने भिंतीपलीकडून ऐकल्या. आता या एका दिवशी तरी मला मान वळवली की ती दिसली पाहिजे.”

“बघते मी,” सून म्हणाली. म्हणाली खरी, पण काय बघणार ते तिलाही ठाऊक नव्हतं. एवढं मात्र कळत होतं की सासूबाईंना खुर्चीत बसवायचं तर त्यांच्या जागी जेवणापाशी कुणीतरी उभं राहायला हवं, आणि ज्याच्यावर त्या विश्वास टाकतील असं माणूस अजून जन्माला यायचं होतं. माणूस नाही तर निदान एखादी वस्तू.

म्हणून तिघी हॉटेलच्या सामानाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराच्या जिभेला हाड नव्हतं, पण मन मोकळं होतं. त्याने आधी दिवे दाखवले. लांब दांड्याचे, लालसर, जेवणावर टांगायचे.

“जेवणावर ऊन पडल्यासारखं, मावशी. वरून ऊब, छान रंग.”

सासूने दिव्याखाली हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. “वरून कोरडं, खालून गार. जेवण आहे की वाळवण?”

मग विजेची भांडी आली. बटण फिरवा, हवं तेवढं तापवा. सासू जरा खूश झाली, पण सुनेने हॉल डोळ्यांसमोर आणला. “प्लग एकाच भिंतीला आहेत, आणि टेबल लागणार मधोमध. वायरी आडव्या टाकाव्या लागतील. नवरामुलगा अडखळून पडला तर?”

“तो केव्हाच पडलाय,” नणंद म्हणाली, आणि आई समोर आहे हे आठवून गप्प झाली. सासूने ऐकलं नाही असं दाखवलं. दुकानदाराला तेवढंही जमलं नाही. तो खो खो हसला.

तिसरी होती चेफिंग डिश. खाली चार पायांची बैठक, तिच्यात पाण्याचा पसरट ट्रे, पाण्यावर बसवलेलं जेवणाचं भांडं, आणि ट्रेच्या पोटाखाली जळणाऱ्या जेलची छोटी डबी. वीज नको, वायर नको.

“पाणी उकळतंच घालायचं,” दुकानदार म्हणाला, “नाहीतर डबीचा सगळा जीव पाणी तापवण्यातच जातो. आणि जेवण भरायचं तेही कढत. हे तापवत नाही बरं का मावशी, असलेलं राखतं.”

“राखणदार आहे म्हणा की,” सासू म्हणाली. तिने बोटाच्या पेराने झाकण वाजवलं, आवाज ऐकला, मान हलवली. सुनेला हायसं वाटलं. सासूबाई एखाद्या भांड्याला वाजवून बघतात म्हणजे निम्मी सोयरीक झाली.

बाजूला त्याच घडणीची, पण काचेच्या झाकणाची भांडी होती. सुनेचा हात तिकडे गेला. दुकानदाराने आवाज खाली आणला.

“ती नका घेऊ, ताई. तुम्हाला फसवायचं नाही मला. काचेवर वाफ धरते, आत काय आहे ते दिसत नाही. लोक म्हणतात, खिडकी आहे पण देखावा नाही. परत आणून देतात. स्टीलचं न्या, आरशासारखं.”

स्टीलचीच आणली. आधी थोडी, वापरून बघायला. जमलं तर उरलेली.

रविवारी दुपारी घरातच रंगीत तालीम झाली. ट्रेमध्ये उकळतं पाणी, खाली निळ्या इवल्याशा ज्योती, वर भात, रस्सा आणि लोण्यात परतलेले बटाटे. शेजारची मंडळी बोलावली होती आणि त्यांना सांगून ठेवलं होतं, सावकाश या, रमतगमत जेवा. सासूला खुर्ची दिली. ती बसली, आणि पहिला शेजारी ताट घेऊन वळला तशी उठली.

“आई,” नणंदेने हटकलं.

“काही करत नाहीये. नुसतं बघते.”

झाकण वर, तोंड वाफेत, चष्मा पांढरा. “आहे गरम.” ती बसली. शेजारीण रस्सा घेऊन गेली, सासू उठली. “थेंब पुसते तेवढे.” पुन्हा बसली. मग मीठ आठवलं. मग बटाट्यांना चमचा पुरतो का ते. मग नुसतंच. बसणं कमी आणि उठणं जास्त. शेवटचा शेजारी, ज्याला मुद्दाम उशिरा बोलावलं होतं, त्याने घास घेतला आणि भिडेपोटी म्हणाला, “छान आहे. उन्हाळ्यात असंच बरं.”

सासूने शेवटचं झाकण उचललं. चष्मा कोरडा राहिला.

“बघितलंस?” ती सुनेला म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा ताठा होता आणि हरल्याचं दुःखही होतं; तिलाही मनातून त्या खुर्चीवर बसायचं होतं. “अशा वस्तूंच्या भरवशावर जेवण सोडून बसता येत नाही गं.”

नणंद उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार तिने आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

सून भांडी आवरायला लागली. पाणी अजून तापलेलं होतं, ज्योती जळत होत्या. मग जेवण निवलं कसं? टेबलाच्या कडेला सासूचा रुमाल पडला होता. तिने उचलला तर पिळून निघेल इतका ओला. ती तो हातात धरून उभी राहिली. राखणदाराने काम चोख केलं होतं. उकळत्या पाण्याने दिलेली ऊब भांड्याने जपली होती, आणि झाकणाझाकणागणिक ती चष्म्यावर बसली होती, चष्म्यावरून रुमालात गेली होती. भात-रश्श्याची सगळी दुपार त्या रुमालात मुरली होती.

आता सासूबाईंना झाकण उचलू नका म्हणून सांगावं? आईने झोपलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावू नये, असं कुणी सांगतं का? आणि सांगितलं तरी ती ऐकते का? नाही. सासूबाईंना ऊब डोळ्यांनी दिसायला हवी. त्यांनी चष्मा घेऊन भांड्याकडे जायचं नसेल, तर चष्मा भांड्यालाच हवा.

ती तशीच चपला घालून निघाली.

“काचेची?” दुकानदार म्हणाला. “अहो ताई, सांगितलं होतं ना, वाफ धरते.”

“म्हणूनच तर.”

“इतकी वर्षं दुकान चालवतोय. वाफ धरते म्हणून घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

घरी तिने कुणाला काही सांगितलं नाही. पुन्हा पाणी उकळलं, भात केला, भांडं भरलं, काच ठेवली. सासूची खुर्ची यावेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी मांडली. अंड्यावरून उठू की नको करणाऱ्या कोंबडीसारखी सासू तिच्या काठावर टेकली.

काच आधी नुसती मळकट झाली. मग धुक्यात वाट बुडावी तसा आतला भात हळूहळू बुडाला.

“आई, काय दिसतंय?” सुनेने विचारलं.

“काय दिसणार? काही दिसत नाही,” सासू चिडून म्हणाली. मग तिने चष्मा नीट बसवला. भांड्याकडे बघत राहिली. “म्हणजे गरम आहे,” ती म्हणाली, सुनेला नाही, स्वतःलाच. आणि मागे सरकून खुर्चीला पाठ टेकली.

दारात नणंद उभी होती. तिने वहिनीकडे बघितलं, पण हसली नाही, हसलं तर आईचं हे टेकून बसणं मोडेल म्हणून.

“पण पाहुण्यांना आत काय आहे ते कळायचं कसं?” सासूने विचारलं.

“पाट्या लावू.”

“कोण वाचतंय. उचलूनच बघतील. जग काही माझ्याहून शहाणं नाही.”

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये मधोमध लांब टेबल लागलं. त्यावर काचेच्या झाकणांची रांग, आणि रांगेमागे भाड्याने आणलेले वाढपी. झाकणमावशीने सकाळी मागच्या खोलीत उभं राहून सगळं शिजवलं, उकळत्या पाण्याने स्वतःच्या हाताने ट्रे भरले, मग हात धुतले, साडी बदलली आणि पुढच्या दाराने हॉलमध्ये आली. पुढचं दार तिला इतकं अनोळखी की ती आधी बाहेरच्या बाजूला ओढत राहिली. ते आत ढकलायचं होतं.

नवरीच्या शेजारी तिची खुर्ची. सून समोरच, दोन ताटं पलीकडे. लोक रांगेत लागले, झाकणं उचलली गेली, मिटली, उघडी राहू पाहणारी वाढप्यांनी मिटवली. काचा पांढऱ्या राहिल्या. सासूच्या ताटात सगळं वाढलेलं होतं, आणि तिचे हात मांडीवर होते.

“जेव ना, आई,” नणंद म्हणाली.

“जेवते.”

पण नजर टेबलावर. सून तिची नजर बघत होती, आणि म्हणून तिलाही ते दिसलं. टोकाच्या बटाट्यांची काच निवळत होती. थेंब ओघळले, आणि आतले बटाटे एकेक करून दिसायला लागले. डबी विझली असणार. सासूचे तळवे खुर्चीच्या हातांवर आले. सुनेचेही. नणंदेने आईला अडवलं नाही. तिने नुसती मान वळवली होती आणि ती आईकडे बघत होती, शाळेतलं बक्षीस हातात घेतलेल्या मुलीसारखी.

सासूने उजवा हात उचलला आणि बसल्या जागेवरून एक बोट वर केलं. वाढप्याने बघितलं. तिने बोट टोकाकडे नेलं, मग खाली वळवलं. तो खाली वाकला, नवी डबी पेटवली, सरकवली. आता तिघीजणी त्या काचेकडे बघत होत्या, आणि नवरामुलगा आपल्याशी कुणी का बोलत नाही म्हणून गोंधळला होता. काच आधी मळकट झाली. मग बटाटे एकेक करून धुक्यात गेले.

सासूने चमचा उचलला.

पहिला घास घेतला आणि थबकली. रस्सा कढत होता. इतकी वर्षं तिने तो चमच्याच्या टोकाने चाखला होता, हातावर घेऊन चाखला होता. भरल्या ताटातून, बसून, असा कधी खाल्ला नव्हता. तिने दुसरा घास घेतला. तिसऱ्याला फुंकर घालावी लागली.

पलीकडे बसलेली मुलाकडची आत्या वाकून म्हणाली, “रस्सा झकास झालाय हो. जेवण कोणाला दिलंत?”

“घरचंच आहे,” सासू म्हणाली. पुढे बोलायला तोंड रिकामं नव्हतं.

सूनही जेवू लागली. आपल्या घरचा रस्सा गरम असताना असा लागतो, हे तिला या घरात आल्यापासून पहिल्यांदा कळत होतं. समोर सासूचं ताट स्वच्छ झालं होतं. वाढपी बोलावला असता तर धावत आला असता, पण तिने लेकीच्या कोपराला हात लावला.

“थोडा रस्सा आणतेस? मला आता उठवत नाही.”

नवरी उठली, भरजरी पदर खोचला, वाटी घेतली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. पुढचे लोक बाजूला होऊ लागले. अहो, तुम्ही कशाला, तुम्ही पुढे व्हा, म्हणू लागले.

“राहू द्या,” ती म्हणाली. “आईसाठी नेतेय. ती बसलीय निवांत.”