विटोल्सचे आकडे

रीगाच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्लांची ताकद मोजायचं काम एडवार्ट्स विटोल्सकडे होतं. सौम्य आम्ल पाण्यात घातलं की त्याचे थोडेच रेणू फुटतात. पाणी वाढवलं की आणखी फुटतात. पण त्यावरून काढलेला आम्लाचा स्थिरांक दर वेळी तोच यायला हवा. मोजणी कानानं व्हायची. द्रावणातून वीज सोडायची, टेलिफोनचा कर्णा कानाला लावायचा आणि तारेवरचा काटा सरकवत न्यायचा. गुणगुण जिथे विरेल तिथला आकडा टिपायचा. पाणी वाढवावं तशी ती गुणगुण बारीक होत जायची.

विटोल्सची बायको मिल्डा दोन वर्षांपूर्वी क्षयानं गेली. त्यानंतर हाक मारली तरी तो मान वर करत नसे. दुःखात आहे, असं म्हणून आम्हीही हाका मारणं सोडून दिलं.

त्या हिवाळ्यात एका नव्या आम्लाचे त्याचे आकडे बिघडले. घट्ट द्रावणात ठीक, पाणी वाढवलं की भलतेच. त्यानं पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध केलं, काचेची भांडी उकळली, आम्लही बदललं. महिना गेला.

एका दुपारी मला म्हणाला, "जरा ऐकतोस? मला काही उमगत नाही."

मी कर्णा कानाला लावला. त्यानं काटा ठेवला होता तिथे आवाज चालूच होता.

"अजून वाजतंय की."

तो माझ्या ओठांकडे बघत होता. "काय म्हणालास?"

"वाजतंय. चांगलं स्पष्ट."

त्यानं कर्णा घेतला, बराच वेळ ऐकलं आणि खाली ठेवला.

"मला वाटायचं, मिल्डा गेल्यावर लोकांनी बोलणंच टाकलं," तो म्हणाला. "घरमालकीण जिन्यात भेटली की नुसतं तोंड हलवते. वाटायचं, प्रार्थना पुटपुटतेय."



तो तसाच प्राध्यापक ग्रुनाऊंकडे गेला. "माझे या वर्षीचे आकडे खोडून टाका."

त्यांनी हातानंच विचारलं, सगळे?

"सगळे. त्यातले खरे कुठले, ते मला सांगता येणार नाही."

मोजणी माझ्याकडे आली. कितीही पाणी वाढवलं तरी स्थिरांक जागचा हलला नाही. निबंधावर माझं नाव छापलं गेलं. विटोल्सनं तळघरात पाणी शुद्ध करायचं काम मागून घेतलं.

मी कधीकधी खाली जातो. कागदावर लिहितो, 'रविवारी जेवायला ये.' तो वाचतो, कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवतो आणि भलत्याच मोठ्या आवाजात म्हणतो, "या रविवारी नको."