साबण नको, समुद्राचं पाणी द्या

मी एक जुना ब्रश आहे. लाकडी मूठ, राठ केस, आणि स्वभावही केसांसारखाच.

मित्रांनो, एके काळी माझा काय थाट होता! ताई, म्हणजे समुद्रात बुड्या मारून प्रवाळ जगवणारी माझी मालकीण, मला मनगटाला बांधून खाली न्यायची. प्रवाळावर शेवाळ चढलं की त्याचा जीव गुदमरतो. मी ते अलगद घासून काढायचो. "याच्यासारखं काम कोणी करत नाही," असं ती चारचौघांत सांगायची. शेवाळ पंधरा दिवसांत पुन्हा चढायचं, ते सोडा.

मग आले खेकडे. शेवाळ खाणारे! ताईने किनाऱ्यावरच्या शेडमध्ये दोन टाक्या मांडल्या आणि मोहरीएवढी पिल्लं वाढवायला घेतली. मोठी झाली की ती प्रवाळावर सोडायची होती. "हे खातच राहतात, दमत नाहीत," ती कौतुकाने म्हणायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि मला काम कोणतं? त्यांच्या टाक्या घासायचं! सवतीच्या पोरांची न्हाणी धुण्याची वेळ आली माझ्यावर.

टाक्या सांभाळणारे काका भलते टापटिपीचे. एकदा त्यांना माझी दया आली. त्यांनी मला साबणाने चोळून काढलं, मला घेऊन एक टाकी घासली आणि तिच्यात पिल्लं परत सोडली.

सकाळी ती सगळी तळाशी निपचित पडली होती.

खोटं कशाला बोलू? क्षणभर मला बरं वाटलं. बरी जिरली!

पण ताई ओल्या फरशीवर मटकन बसली. "काका, ब्रश कशाने धुतला होता?"

"साबणाने. चांगला दोनदा. किती मळला होता बिचारा..." काका बोलता बोलता थांबले.

विष माझ्या मनात होतं, तसं केसांतही होतं. मला फार लाज वाटली.

"मी टाकूनच देतो त्याला," काका म्हणाले.

"नको हो. टाकीचे कोपरे त्यालाच कळतात." ताईने मला समुद्राच्या पाण्यात कितीदा तरी खळबळलं आणि मुठीला चिठ्ठी बांधली: 'साबण लावू नका.'

उरलेल्या टाकीतली पोरं मोठी होऊन प्रवाळावर गेली, टाक्यांत नवी पिल्लं आली. महिना झाला, शेवाळ चढलेलं नाही. मला अजून हेवा वाटतो, तो काही जायचा नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर जरूर माया करा, पण कशी करायची ते आधी विचारा. आणि मला साबण लावू नका. पोरं सवतीची असली, तरी त्यांची न्हाणी माझ्या हातची आहे.