उलट्या दातांचे फोटो

“माप आलं की आधी उजेडाला धर. त्यात काय नाही ते बघ. तोंड मग उघड.”

हात धुऊन कामाच्या टेबलाशी बसलं की मेणबाईच्या कानात काकांचा हा आवाज यायचाच. काका तिचे सख्खे काका नव्हेत. सतराव्या वर्षी त्यांनी तिच्या हातात मेण कोरायची सुरी दिली आणि पुढची बावीस वर्षं शेजारच्या स्टुलावर बसवून कवळ्या करायला शिकवलं, म्हणून काका. मेणबाई हे नावही त्यांनीच पाडलेलं, आणि ते असं चिकटलं की माहेरच्या नावाने कुणी हाक मारली तर ती मागे वळून बघायची नाही.

काकांची स्वतःची लहानशी लॅब होती. आठ डॉक्टरांचं काम यायचं. त्या आठांतल्या एकाला दोघं आपसात घाईडॉक्टर म्हणत. पेशंटच्या तोंडात मापाचा गुलाबी लगदा नीट घट्ट व्हायच्या आत हा माणूस ट्रे ओढून काढायचा. कडा फाटलेल्या, मध्ये हवेचे बुडबुडे. काका चिठ्ठी पाठवायचे, ‘पुन्हा माप घ्यावे’. उत्तर यायचं, ‘चालेल, करा’. अशीच केलेली एक कवळी कुणाच्या तरी हिरडीत रुतली, जखम चिघळली, आणि घाईडॉक्टर उरलेल्या सातही जणांकडे जाऊन सांगून आला, “म्हाताऱ्याला दिसत नाही आता. हात कापतो. माणसं जायबंदी करेल.”

दोन महिन्यांत ट्रे यायचे बंद झाले. काकांचा हात तोवर कधी कापला नव्हता, त्यानंतर मात्र खरंच कापायला लागला. वर्षभर ते खिडकीशी खिशात हात घालून बसून राहिले आणि एका दुपारी तसेच गेले.

सांगणार काय आणि दाखवणार काय? या धंद्याची रीतच अशी. मापात प्लास्टर ओतायचं, ते सुकलं की गुलाबी लगदा सोलून फेकून द्यायचा. डॉक्टरची चूक अशी कचऱ्याच्या डब्यात जाते आणि कारागिराची पेशंटच्या तोंडात राहते.

मेणबाई देवाधर्माची बाई. पहाटेची प्रार्थना चुकवायची नाही, दुपारपर्यंत कुणाला उणा शब्द बोलायचा नाही, खोटं तर कधीच बोलायचं नाही, असे तिचे नेम. काका गेल्यापासून मात्र प्रार्थनेत सगळ्यांचं भलं मागता मागता ती एका माणसापाशी अडखळायची आणि त्याला वगळून पुढे जायची. देवालाही एव्हाना सवय झाली असावी.

तिला दुसऱ्या लॅबमध्ये नोकरी मिळाली. मालक गरीब गाय. पहिल्याच आठवड्यात टेबलावर एक ट्रे आला, फाटक्या कडेचा, आणि सोबत ओळखीच्या अक्षरातली चिठ्ठी. मेणबाईने ट्रे उजेडाला धरला. तोंड उघडलं नाही. संध्याकाळी ती थेट कॅमेऱ्याच्या दुकानात गेली.

लॅबमध्ये फोन चालत नसे. सकाळी आल्या आल्या सगळ्यांचे फोन मालकांच्या ड्रॉवरमध्ये जात. म्हणून कॅमेरा, आणि तोही ॲप्रनच्या खिशात मावणारा.

दुकानदार उत्साही होता. “ताई, हा बघा. डोंगराच्या टोकावरचा पक्षी टिपतो!”

“पक्षी नको.”

“मग हा घ्या. अंधारातसुद्धा चेहरे गोरेपान येतात.”

“चेहरेही नकोत,” असं म्हणत तिने पर्समधून एक डबी काढली. डबीतून कापूस काढला आणि कापसातून एक दात. तो काचेवर ठेवून म्हणाली, “याच्या किती जवळ जातो?”

दुकानदार दोन पावलं मागे सरला. “खरा आहे?”

“मी केलेला आहे.”

“म्हणजे खोटा?”

“तुमच्या तोंडातल्या वरच्या डाव्या दोनांइतकाच.”

दुकानदाराने तोंड मिटलं आणि मुकाट्याने कॅमेरे काढायला लागला. एकाने दात धूसर केला, दुसऱ्याने फ्लॅश मारून नुसता पांढरा ठिपका. तिसरा दिसायला अगदी साधा, पण त्याच्यावर फुलाचं चिन्ह होतं. ते लावलं की दोन बोटांवरून दातावरची रेघन्‌रेघ दिसायची. फ्लॅश बंद ठेवता यायचा, आणि फोटोच्या कोपऱ्यात तारीख उमटायची. तिने तारीख आणि वेळ दुकानाच्या घड्याळाशी लावून घेतली, पुन्हा एकदा पडताळली, आणि तोच घेतला.

मालकांना तिने सांगितलं, “तयार दातांच्या रंगांची नोंद ठेवीन म्हणते.” मालक म्हणाले, “ठेवा की.” हे खोटं ठरू नये म्हणून ती रोज दोन फोटो रंगाचेही काढायची. बाकीचे सगळे घाईडॉक्टरच्या मापांचे.

तीन महिन्यांत चाळीस फोटो झाले. एका सुट्टीच्या सकाळी ती वहिनीकडे कॅमेरा घेऊन गेली. आता बाहेरच्या डोळ्यांना दाखवून बघावं, असं तिला वाटलं. वहिनीने चष्मा लावला. “अगंबाई, किती सुरेख दात केलेस गं!”

“वहिनी, हे दात नाहीत. दातांचे खड्डे आहेत.”

“खड्डे? मला तर चांगली टेकाडं दिसतायत.”

“आणि हे बुडबुडे?”

“हे होय? मला वाटलं, तोंडात भाताची शितं अडकलीत.”

मेणबाईने कॅमेरा ओढून घेतला. बावीस वर्षं उलटं माप बघून तिच्या डोळ्यांना खोलगटच दिसायचं. दुसऱ्या माणसाला सपाट फोटोत खड्डा फुगून दिसतो, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. चाळीसच्या चाळीस फोटो वाया. हे कुणाला दाखवले असते तर घाईडॉक्टरच हसत म्हणाला असता, “बघा, किती छान माप दिलं होतं!”

त्या दिवशी दुपार व्हायच्या आतच तिने स्वतःला दोन उणे शब्द बोलून घेतले. नेम दुसऱ्यांपुरता होता.

मग ती नव्याने शिकली. टेबलावरचा दिवा डावीकडून तिरका लावायचा. मापाशेजारी मातीच्या गोळीत एक काडी उभी करायची, म्हणजे काडीची सावली बघून उजेड कुठून येतोय ते कळतं आणि खड्डा खड्डाच दिसतो. एक फोटो वरून, दोन तिरके. पुढ्यात डॉक्टरची चिठ्ठी, तिची ‘पुन्हा माप घ्यावे’, आणि त्याखाली त्याचं उत्तर. श्वास रोखायचा आणि बटण दाबायचं. दर वेळी खट्‌ असा बारीक आवाज यायचा. मेण कोरताना सुरी नेमकी बसली की जसं गार वाटतं, तसं तिला वाटायचं. वहिनीला नवे फोटो दाखवले तेव्हा ती म्हणाली, “शी! हे कुठलं उंदरानं कुरतडलेलं?” मेणबाईला त्या रात्री छान झोप लागली.

अकराव्या महिन्यात घाईडॉक्टर स्वतः लॅबमध्ये आला. सोबत एक वयस्क बाई, ताठ कण्याच्या, तोंडाला रुमाल लावलेल्या. कुठल्याशा शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. डॉक्टरने कवळी मालकांच्या टेबलावर आपटली.

“काय चालवलंय हे? बाईंना दोन दिवस जेवता आलेलं नाही. बघा, तुमच्या लोकांनी काय करून ठेवलंय!”

मालक उठले, बसले, पुन्हा उठले. “मेणबाई, अहो जरा…”

मेणबाईने घड्याळात पाहिलं. साडेबारा. नेम संपला होता.

तिने खिशातून कॅमेरा काढला आणि डॉक्टरला ओलांडून मुख्याध्यापिकांपुढे धरला. “बाई, हे तुमचं माप. नऊ तारखेला आलेलं. ही मागची कड फाटलीये, दिसते? तुमच्या तोंडात टोचतंय ते बरोबर इथेच.”

बाईंनी जिभेने चाचपून पाहिलं आणि मान हलवली.

“ही माझी चिठ्ठी. हे खाली डॉक्टरांचं अक्षर.”

“‘चालेल, करा,’” बाईंनी रुमालाआडून वाचलं. “स्वल्पविरामसुद्धा दिलाय.”

“हे असले फोटो काय कुणीही काढेल!” डॉक्टर म्हणाला.

“पुढचं बटण दाबा, बाई,” मेणबाई म्हणाली. “दाबत राहा.”

बाई दाबत राहिल्या. वह्या तपासायची सवय असलेल्या माणसासारख्या, एकही पान न गाळता. तीस, पन्नास, सत्तर. मधले रंगांचे फोटो सोडले तर दर वेळी फाटकी कड, काडीची सावली, तारीख आणि तेच दोन शब्द. मालकांनीही मान पुढे काढली.

“पुरे!” डॉक्टरने हात आपटला. “तो म्हातारा असाच जीव खायचा. पुन्हा माप, पुन्हा माप! त्या हिरडीत रुतलेल्या कवळीच्या वेळीही दोनदा चिठ्ठ्या पाठवल्या. तुम्हा लोकांना वाटतं पेशंट दिवसभर तोंड वासून बसेल!”

मेणबाई हलली नाही. ही गोष्ट तिच्याकडच्या एकाही फोटोत नव्हती, आणि कधी येणारही नव्हती. त्याने ती आपल्याच तोंडाने टेबलावर आणून ठेवली.

“म्हणजे त्यांनी आधीच सांगितलं होतं तर,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “दोनदा.”

डॉक्टरचा चेहरा ओल्या प्लास्टरसारखा झाला.

“एका कागदावर लिहून द्या,” मेणबाई म्हणाली. तिचा आवाज प्रार्थनेत असतो तितकाच हळू होता. “काकांचा हात चांगला होता आणि माप तुमचं वाईट होतं. एवढंच.”

“आणि नाही दिलं तर? काय करशील?”

“तुम्ही ज्या सात दवाखान्यांत जाऊन काकांबद्दल सांगितलंत, त्या सातही ठिकाणी जाईन. कॅमेरा घेऊन. आता म्हणालात तेही सांगेन. शब्द देते तुम्हाला.”

“जा की. तुझं कोण ऐकतंय!” तो पेशंटलाही न घेता निघून गेला.

मुख्याध्यापिकांनी पर्समधून पेन काढलं, मालकांकडे कोरा कागद मागितला, आणि आपण आज काय ऐकलं ते लिहून खाली वळणदार सही केली. “माझं ऐकतील,” त्या म्हणाल्या. “आणि माझं माप आता दुसऱ्या कुणाकडून घ्यायचं, तेही त्या सातांनाच विचार.”

मालक चाचरत म्हणाले, “मेणबाई, तो मोठा माणूस आहे हो. काम जाईल आपलं. त्याने कागद दिला नाही, ठीक आहे, पण तोंड तर उतरलं ना? आता सोडून द्या.”

मेणबाईने मनाशी जरा चाचपून पाहिलं, सोडता येतंय का. तशी जागा सापडली नाही. खिडकीशी खिशात हात घालून बसलेला माणूसच तेवढा दिसला.

तिने टेबल पुसलं, दिवा बंद केला, ॲप्रन खुंटीला लावला. कॅमेऱ्याची बॅटरी भरलेली आहे ना ते पाहिलं. बाईंचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. पहिला दवाखाना चार गल्ल्या सोडून होता आणि दुपारी दोनला उघडायचा. मालकांना, “अर्धी रजा मांडा,” असं हळूच सांगून तिने चपला घातल्या, दाराचा आवाज होऊ न देता ते ओढून घेतलं आणि ती जिना उतरायला लागली.