फळीखालचा रांजण

मी एक जुना रांजण आहे, मित्रांनो, पण माझ्यात कधी कुणी पाणी भरलं नाही. पारगावकडच्या एका कुंभाराने आम्हा सात भावंडांना घडवलं, भाजलं, टिचकी मारून पारखलं आणि बैलगाडीत पेंढ्यावर निजवून जुन्नरला पाठवलं. तिथे गावकऱ्यांनी हौसेने नाटकघर बांधायला काढलं होतं. रंगमंचाच्या फळ्या ठोकण्याआधी सुताराने खाली खड्डे खणले आणि आम्हाला गळ्यापर्यंत पुरलं. तोंडं तेवढी उघडी ठेवली.

"चांगल्या रांजनांची माती केली राव," असं म्हणत गाडीवान परत गेला. त्याला काय कळणार! तेव्हा लाउडस्पीकर नव्हते. वर नट गायला लागला की त्याचा आवाज आमच्या पोटात उतरायचा, घुमायचा आणि पार शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. टाळ्या अर्थात नटाला मिळायच्या. आम्हाला मिळायची फळ्यांच्या फटीतून पडणारी धूळ.

मी माणसं पावलांवरून ओळखायचो. झुंबरबाईंचं पाऊल लाखात ओळखू यायचं. गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक कंपनीच्या त्या मुख्य गायिका. पद सुरू करण्याआधी त्या माझ्यावरच्या फळीवर टाच दोनदा वाजवायच्या. खाली मी आहे हे ठाऊक असलेल्या त्या एकट्याच गायिका. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

एका प्रयोगाला त्यांची लहानगी मुलगी विंगेत भाकरीचं ताट मांडीवर घेऊन बसली होती. "येवढं पद झालं की भरवते हां," असं तिला सांगून झुंबरबाई रंगमंचावर आल्या. टाच दोनदा वाजली. पद अर्ध्यावर आलं आणि त्या कोसळल्या. गाल माझ्या फळीवर, ओठ फटीशी. त्या काहीतरी बोलल्या. नाटकघराचे पडदे ओढणारा गावातलाच सावळेराम धावत आला, पण तोवर सगळं संपलं होतं. त्यांचे ते शेवटचे शब्द माझ्याखेरीज कुणीही ऐकले नाहीत.

कंपनी पुढच्या गावाला गेली. मुलगी इथेच राहिली. सावळेरामने तिला वाढवलं. ती त्याला सारखी विचारायची, "काका, आई शेवटाला काय बोलली?"

"व्हट हाललं व्हतं, पोरी. पर मला काय ऐकू आलं न्हाई," तो सांगायचा.

मी फळीखाली तळमळायचो. पण मित्रांनो, रांजण आपण होऊन बोलत नाही. त्याच्या तोंडाशी येऊन कुणी तोच सूर लावला, तरच आतलं हलतं.

पुढे लाउडस्पीकर आला, मग टीव्ही आला. नाटकं थांबली. आमच्यावर कांद्याच्या गोण्या रचल्या गेल्या. आम्हाला पुरणारे एकेक करून गेले आणि खाली रांजण आहेत हेच गाव विसरलं. ती मुलगी मात्र म्हातारी होईपर्यंत तिथेच झाडलोट करत राहिली. आता सगळे तिला साळुबाई म्हणतात.

अलीकडे नाटकघराचा लग्नाचा हॉल झाला. एकदा भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि नेमकी वीज गेली. माइक बंद पडला, तसा त्यांचा आवाज आमच्यात उतरला. सवयीने आम्ही तो घुमवून परत दिला. जमिनीखालून दुसरं कुणी मंगलाष्टकं म्हणतंय असं वाटून वऱ्हाड अक्षता टाकून पळालं! तेव्हापासून गावभर झालं, "फळीखाली बाई हाय." बायका फटीतून लिंबं टाकू लागल्या. ज्या आवाजासाठी त्यांच्या आज्या-पणज्यांनी तिकिटं काढली, त्याच आवाजाला ही भीती. मला रागही आला आणि हसूही.

पण हसू टिकलं नाही. हॉल सांभाळणारे हौशीराम वैतागले होते. त्यांनी मंचरहून वली मिस्त्रीला बोलावलं. "फळ्या काढ आन् त्या बाईचं तोंड काँक्रीटनं बुजव. लोकं हॉल बुक करीनात."

वलीने फळ्या उचकटल्या. माझी भावंडं एकामागून एक भरली गेली. भरताना प्रत्येकाने एकदाच, शेवटचा हुंकार दिला. मग वली माझ्याजवळ आला. पुरल्यापासून पहिल्यांदाच माझ्यावर लख्ख उजेड पडला होता. मी बुजलो असतो, तर झुंबरबाईंचे शब्दही बुजले असते.

"थांब रं भाऊ," साळुबाई झाडू टाकून आली. "हितंच पडली व्हती माजी आई. येकदा बोलू दे."

"कुनाशी, मावशी?"

ती माझ्या कडेला आडवी झाली, आई पडली होती अगदी तशी, आणि तिने गाल मातीला टेकवला. जन्मभराचं विचारायचं साठलं होतं, पण तोंडून निघालं ते रोजचंच.

"आई, जेवली का गं?"

माझ्या पोटात काहीतरी हललं. गेली साठ वर्षं दबलेला तो श्वास वर आला. तिचा नव्हे, माझा नव्हे.

"मने... जेवली का गं?"

वलीच्या हातातलं घमेलं पडलं. "मावशी, ही मनी कोन?"

"मी," साळुबाई म्हणाली. "त्या नावानं आईच हाक मारायची. तिच्यामागं कुनी न्हाई." मग ती पुन्हा माझ्याकडे वाकली आणि लहान मुलीसारखी बोलली, "व्हय आई. जेवले."

वलीने उरलेलं काँक्रीट हॉलपुढच्या रस्त्यातल्या खड्ड्यात ओतलं. हौशीराम तणतणले, तर तो म्हणाला, "साहेब, रिकामं असंल तेच बुजवतो मी. ह्यो रांजन रिकामा न्हाई."

त्याने फळी पुन्हा बसवली, पण फट मुद्दाम रुंद ठेवली. आणि आता वर पुन्हा टाच वाजू लागली आहे. साळुबाई झाडून घरी जाते, हॉलला कुलूप लागतं, आणि माझ्यावर कुणीतरी दोनदा टाच वाजवतं. वरून धूळ मात्र पडत नाही.

म्हणून विनंती आहे, मित्रांनो. जुनं काही बुजवण्याआधी त्याच्या तोंडाशी कान लावा. आणि कधी या हॉलमध्ये आलात, माझ्या फळीवर उभे राहिलात आणि खालून कुणी तुम्हाला जेवलात का विचारलं, तर पळू नका. हो म्हणा. तिला बरं वाटेल.