युवराजांचा पाळणा

माझ्या लेकीला, वेदिकाला, मुलगी झाली त्याच दिवशी मी चुलतभावाकडे, हरिश्चंद्रकडे, पाळणा मागायला गेलो. फणसाच्या लाकडाचा हा पाळणा आमच्या आजोबांनी गुहागरला स्वतःच्या हातांनी केलेला. आमच्या घरातलं प्रत्येक मूल बाराव्या दिवशी त्यातच निजलं, हरीसुद्धा. दिवाळीत "पॉलिश करून आणतो" म्हणून त्यानं तो नेला होता. आता शिमगाही होऊन गेला होता.

"पॉलिशवाला गावाला गेलाय रे," हरी म्हणाला. "बारशाला प्लॅस्टिकचा आण. हल्ली छान मिळतात."

खोटं बोलताना हरी पर्यायही सुचवतो. स्वभावानं तो परोपकारी आहे.

दोन दिवसांनी जावई संदेशला मांडवी बंदराच्या वरच्या अंगाचा जुना राजवाडा दाखवायला नेलं. तिथून आधी संस्थानिक गेले, मग कचेरी आली, कचेरी गेली, वटवाघळं आली, आणि आता वारसा संग्रहालय. तिकिटं काढून आम्ही राजांची तलवार पाहिली, राणीसाहेबांचा पलंग पाहिला, आणि शेवटच्या नव्या दालनात माझी बायको दमयंती एकदम थांबली.

"अहो, हा आपला पोपट!"

लाल दोरीपलीकडे आमचा पाळणा टांगलेला होता. त्यावरच्या कोरीव पोपटाला चोच नव्हती. ती हरीनंच सहाव्या वर्षी अडकित्त्यानं उडवली होती. पाटीवर लिहिलं होतं: 'युवराजांचा पाळणा. पोपटाची चोच परचक्रात भंगली असावी. देणगीदार: श्री. हरिश्चंद्र, संस्थानच्या दिवाणांचे वंशज.'

आमचे आजोबा गलबतांवर सुतारकाम करायचे. दिवाणाशी त्यांचा संबंध बसण्यापुरताही आला नव्हता.

संग्रहालय सांभाळणाऱ्या नम्रताबाई सज्जन होत्या. "काका, मला पटतंय हो. पण देणगीपत्र त्यांचं आहे. त्यांनी लेखी दिलं तर पाळणा लगेच सोडते. रविवारी या दालनाचं उद्घाटन आहे, त्यांचा सत्कारही आहे. तेव्हा बोला त्यांच्याशी."

दालन सुरू होऊन दोन महिने झाले होते. उद्घाटन रविवारी होतं.

"आपण सरळ फिर्याद देऊ, बाबा," संदेश म्हणाला. तो मुंबईचा आहे. फिर्यादीचा निकाल बारशाच्या आत लागतो असं त्याला वाटतं.

मला सत्कार मोडायचा नव्हता. मला तो झालेला हवा होता, आणि भरगच्च गर्दीत.

आमच्याकडे उद्घाटन म्हटलं की आधी नारळ ठेवतात. जाणता माणूस देवाला मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक मागण्यामागून जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ऐकतातच असं नाही. म्हणतात. राजवाड्याचा पहारेकरी महिपत आमच्याच गावचा आणि गाऱ्हाण्यात पटाईत. संध्याकाळी त्याला गाठून सगळं सांगितलं.

"खरं हाय ना?" त्यानं विचारलं. "नारळासमोर खोटं नाय चालायचं."

"चोच बघ जाऊन."

"ती काय बघायची! मी तवा तुमच्याच पडवीत व्हतो. अडकित्ता माझ्या बापाचा व्हता."

रविवारी हरी फेटा बांधून पहिल्या रांगेत उभा. गाऱ्हाण्याला डोळे मिटून, हात जोडून सगळ्यांत मोठ्यानं ओरडायची त्याला लहानपणापासून हौस.

"बा देवा म्हाराजा!" महिपतनं सूर लावला. "ह्या तुझ्या लेकरांनी आज राजवाड्यात नवं दालन उघडल्यानी, त्याला यश दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"येणाऱ्याजाणाऱ्याची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या हरिश्चंद्रानं भावाचा पाळणा पॉलिशला म्हणून नेलान, नि युवराजाचा म्हणून हितं टांगलान रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दीडशे माणसं ओरडली. हरीचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"तो आजच्या आज परत द्यायची त्याला बुद्धी दे रे म्हाराजा!"

"व्हय—" इथं हरीनं डोळे उघडले. उरलेलं बाकीच्यांनी पुरं केलं. उद्घाटनाला बोलावलेले, नागपूरहून नुकतेच बदलून आलेले साहेब सुरुवातीपासून जरा मागं पडत होते. त्यांचं "व्हय महाराजा" शांततेत एकटंच घुमलं.

"पॉलिश तरी केलंस काय रे, हऱ्या?" मागून कुणीतरी विचारलं.

कोर्टातली जबानी आमच्याकडे फिरवता येते. नारळासमोरची नाही. हरीनं तिथंच नम्रताबाईंना लेखी दिलं. शाल मात्र त्याला नंतर घातलीच. आणलेली होती.

"झालं ना मनासारखं?" दमयंती म्हणाली. "आता सोडा."

मी सोडलं नाही. नम्रताबाईंकडून ती पाटीही मागून घेतली. त्यांना तिचा उपयोग उरला नव्हता. मग हरीच्या घरी जाऊन बारशाचं आमंत्रण दिलं. दोनदा. आला नसता तर लोकांनी कारण विचारलं असतं.

तो आला. पाळण्याला अबोलीच्या माळा होत्या आणि पोपटाखाली पाटी. आलेली प्रत्येक बाई आधी पाटी वाचायची, मग हरीकडे बघायची, मग बाळाकडे. नातीचं नाव राही ठेवलं. बायकांचं गाणं सुरू झालं तशी मी पाळण्याची दोरी हरीच्या हातात दिली.

"पहिला झोका देणगीदाराचा."

हरीनं मान खाली घालून दोरी ओढली.

"हळू, हरी," मी म्हटलं. "नुकतंच पॉलिश झालंय."